हिरव्या समुद्रशैवालातलं उल्व्हान : यात खरंच दम आहे का?

ओहोटी
नमस्कार मंडळी. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते आहे आणि प्रबंधाचा विषय ठरवायला हातात पंधरा दिवस उरलेत. मॅडमनी दोन पर्याय दिलेत. एक, लाल शैवालातलं कॅराजीनन. त्यावर एवढं काम झालंय की वाट पार मळलेली आहे. दुसरा, उल्व्हा नावाच्या हिरव्या शैवालातली बहुशर्करा (शर्करांची लांब साखळी), म्हणजे उल्व्हान.

आठ दिवस उल्व्हानवरच वाचते आहे आणि गोंधळ वाढतोच आहे. एका शोधनिबंधात ते रक्त गोठू देत नाही, दुसऱ्यात विषाणूला अडवतं, तिसऱ्यात उंदरांचं कोलेस्टेरॉल उतरवतं, चौथ्यात झाडांना रोगाशी लढायला शिकवतं, पाचव्यात त्याची जखमेवरची पट्टी होते. एकच पदार्थ एवढं सगळं करत असेल तर मग तो आहे कुठे? जेल बनवणाऱ्या पदार्थांत लाल शैवालाने आगर आणि कॅराजीनन दिलं, तपकिरीने अल्जिनेट दिलं. त्या पंगतीत हिरव्याचं पान का नाही?

ज्यांनी यात हात घातलाय त्यांनी मोकळेपणाने लिहा. विषय घ्यावा की नको, एवढंच ठरवायचंय.

काठावरची
वाचतेय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

शंकासूर
ज्या गोष्टीचे दहा फायदे सांगितले जातात तिचा एकही धड सिद्ध झालेला नसतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या मोठ्या भावाला कुणीतरी ‘समुद्री हिरव्या शैवालाचा अर्क’ म्हणून कॅप्सूल दिल्या होत्या. डबीवर शैवालाची जात नाही, सल्फेटचं प्रमाण नाही, अर्क कसा काढला तेही नाही. तो रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या आधीच घेत होता. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि त्याच दिवशी कॅप्सूल बंद करायला लावल्या. काही वाईट झालं नाही, पण होऊ शकलं असतं. म्हणून विचारतो, ओहोटी, तुम्हाला औषध शोधायचंय की पदार्थ समजून घ्यायचाय? दोन्ही एकदम होणार नाही.

रेणूभाऊ
शंकासूर यांनी नेमकं विचारलंय. मी बहुशर्करांच्या रसायनावर बरीच वर्षं काम केलंय, त्यातली चार उल्व्हानवर. जरा सविस्तर लिहितो.

ओहोटी, तुमच्या प्रश्नात ‘एकच पदार्थ’ असं आलंय, गडबड तिथेच आहे. उल्व्हान हे एका पदार्थाचं नाव नाही, कुटुंबाचं आडनाव आहे. घटक ठरलेले : रॅम्नोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल, इड्युरॉनिक आम्ल आणि झायलोज. रॅम्नोजच्या तिसऱ्या कार्बनवर बहुतेकदा सल्फेट बसलेला असतो. रॅम्नोजला ग्लुक्युरॉनिक जोडलं की एक जोडी, इड्युरॉनिक जोडलं की दुसरी, झायलोज आलं की तिसरी. या जोड्या कुठल्या क्रमाने आणि किती येतील, हे जातीवर, ऋतूवर, वाढीच्या पाण्यावर आणि तुम्ही अर्क कसा काढता यावर ठरतं. वाळलेल्या शैवालात उल्व्हान साधारण ९ ते ३६ टक्के असतं असं आढाव्यांत दिलेलं आढळतं. हा पल्लाच बघा केवढा आहे.

त्यामुळे पहिल्या निबंधातलं उल्व्हान आणि पाचव्यातलं उल्व्हान हे एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ असण्याची शक्यता जास्त. एकाचा रेणुभार दुसऱ्याच्या पन्नासपट असू शकतो. मग गुण जुळणार कसे?

आता ‘पंगतीत पान का नाही’. आगर घ्या. तापवलं की विरघळतं, चाळिशीच्या खाली आलं की थिजतं, आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. फॅनी हेसे यांनी १८८१ मध्ये जिवाणू वाढवायला ते सुचवलं आणि जिवाणूशास्त्राचं काम सोपं झालं. अल्जिनेटला कॅल्शियम दाखवलं की लगेच जेल. कापा-कॅराजीननला पोटॅशियम पुरतं. उल्व्हानचं तसं नाही. त्याच्या द्रावणाला फारसा दाटपणाच येत नाही, कारण साखळ्या लांब पसरण्याऐवजी मण्यांसारख्या गोळा होतात. जेल करायचं तर कॅल्शियमबरोबर बोरेट लागतं, पीएच ७.५ च्या आसपास ठेवावा लागतो, आणि तरी जेल कच्चंच. खाद्यपदार्थात बोरेट घालून चालत नाही. म्हणजे ज्या कामाने लाल-तपकिरी शैवालाला बाजार मिळाला, त्या कामात हिरवं मुळातच कच्चं.

पण म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. इड्युरॉनिक आम्ल वनस्पतींमध्ये जवळपास सापडत नाही. ते आपल्या त्वचेतल्या डर्माटन सल्फेट या बहुशर्करेत आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनमध्ये असतं. समुद्रातल्या दोन पेशी जाडीच्या पानात आपल्या त्वचेतल्या शर्करेचा भाऊबंद बसलेला आहे, हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

काठावरची
रेणूभाऊ, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. उल्व्हाचं पान दोन पेशी जाड म्हणजे अक्षरशः दोनच पेशी?

हरितपर्णा
हो, अक्षरशः दोन थर. नळीसारख्या जातींमध्ये एकच. या नळीवाल्यांना पूर्वी एंटेरोमॉर्फा असं वेगळं नाव होतं; २००३ मध्ये डीएनए तपासून ते सगळे उल्व्हात घेतले. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने मुळात त्यांना एकत्रच ठेवलं होतं, म्हणजे अडीचशे वर्षांनी त्याचंच म्हणणं खरं ठरलं.

मी वनस्पतिशास्त्रातली, म्हणून रेणूभाऊंच्या यादीत एक भर घालते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या हातातलं शैवाल कुठलं आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. उल्व्हाच्या जाती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. तेच रोप पाण्याचा खारेपणा बदलला की वेगळं दिसतं. ‘उल्व्हा लॅक्टुका’ हे नाव निम्म्या निबंधांत सापडेल. २०१९ मध्ये लिनियसचा मूळ जतन केलेला नमुनाच डीएनए काढून तपासला, तर ती उष्ण पाण्यातली जात निघाली. उत्तरेच्या थंड समुद्रात वर्षानुवर्षं ज्याला लॅक्टुका म्हणत होते ते उल्व्हा फेनेस्ट्राटा. आता जुन्या निबंधांतल्या ‘लॅक्टुकाच्या उल्व्हान’चं काय करायचं?

आणखी एक. उल्व्हाला पानाचा आकार स्वतःहून येतही नाही. निर्जंतुक पाण्यात वाढवलं तर पेशींचा नुसता गोळा होतो. ठरावीक जिवाणू सोबत असले तरच पान बनतं. म्हणजे ‘शुद्ध उल्व्हा’ असं काही निसर्गात नाहीच, तो कायम संसार करूनच राहतो.

दगडफूल
शेवाळावर पाय घसरतो हे माहीत होतं, इथे धागाच घसरत थेट लिनियसपर्यंत पोचला. पण घसरू द्या, मजा येतेय.

अवांतर विचारतो : किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे ढीग लागतात ते हेच का?

हरितपर्णा
@दगडफूल, तेच. त्याला हरित भरती म्हणतात. २००८ मध्ये चीनच्या छिंगदाओला ऑलिंपिकच्या नौकाशर्यती होत्या आणि ऐन वेळी उल्व्हा प्रोलिफेरा एवढं आलं की दहा लाख टनांहून जास्त उपसावं लागलं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर तर कित्येक दशकांचं दुखणं आहे. शेतातला नायट्रेट नद्यांतून उथळ खाडीत येतो आणि उल्व्हा त्यावर पोसतं. ढीग सडायला लागला की आतला प्राणवायू संपतो, मग सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड बनतो. २००९ मध्ये तिथे एक घोडा त्या वायूने मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. त्यामुळे ‘कचऱ्यातून सोनं’ असं सहज म्हणू नका. ताजं उचललं तर कच्चा माल, दोन दिवस पडू दिलं तर विष.

शंकासूर
हा मुद्दा मला पटला. पण मग उलट विचारतो. दहा लाख टन फुकट येतंय, तरी त्याचा उद्योग होत नसेल तर त्या मालातच खोट आहे ना?

रेणूभाऊ
खोट मालात नाही, सातत्यात आहे. उद्योगाला दर खेपेला तोच माल लागतो. हरित भरती आज येते, उद्या नाही; येताना वाळू, शंखशिंपले आणि कधी कधी जड धातूही आणते. उल्व्हा धातू एवढं शोषतं की प्रदूषण मोजायलाही वापरतात. त्यापेक्षा टाकीत वाढवलेलं उल्व्हा बरं. मत्स्यशेतीच्या पाण्यातला अमोनिया शोषून ते झपाट्याने वाढतं आणि माल एकसारखा निघतो.

शिवाय जरा धीरही हवा. स्टॅनफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने अल्जिनिक आम्ल (ज्याचं अल्जिनेट बनतं) १८८१ मध्ये शोधलं, कारखान्यात ते बनायला लागलं १९२९ मध्ये.

दंतमाया
अल्जिनेटचं नाव निघालं म्हणून लिहायचा धीर करते. मी दंतवैद्य आहे. तोंडाचा साचा घ्यायला आम्ही जी भुकटी पाण्यात कालवतो ती सोडियम अल्जिनेटची. तिच्यात कॅल्शियम सल्फेट असतो, तो घट्ट करतो. आणि थोडा फॉस्फेट असतो, तो कॅल्शियमला आधी स्वतःकडे ओढून आम्हाला दोन-तीन मिनिटं मिळवून देतो. रोज हाताळते, पण ही समुद्रातली भेट आहे हे आज पहिल्यांदा मनापासून जाणवलं.

प्रश्न : उल्व्हान शरीराच्या शर्करेसारखं असेल तर हिरडीच्या जखमेवर किंवा हाड भरायला त्याचा उपयोग व्हायला हवा ना?

रेणूभाऊ
दंतमायाताई, मला सगळ्यात जास्त आशा तिथेच वाटते. नुसतं उल्व्हान पाण्यात विरघळून जातं, म्हणून त्याला बांधून ठेवायची युक्ती लागते. कुणी मेथाक्रिलेटचे गट जोडून अतिनील प्रकाशात घट्ट केलं, कुणी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलबरोबर विद्युत्-कताई करून नॅनोतंतू काढले, कुणी कायटोसान या दुसऱ्या बहुशर्करेबरोबर पडदे बनवले. उल्व्हान ऋणभारित, कायटोसान धनभारित, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट धरतात. बहुतेक काम अजून पेशी आणि प्राण्यांपर्यंतच आलंय, पण दिशा सरळ आहे. इथे उल्व्हानला औषध व्हायचं नाही, पेशींना बसायला जागा द्यायची आहे.

गुटीकाका
मी औषधनिर्मितीतून निवृत्त झालो. विषाणू आणि रक्त या दोन दाव्यांबद्दल मला कळकळीने लिहायचंय, कारण यात लोक फसतात.

काचेच्या बशीत सल्फेटवाली जवळपास कुठलीही बहुशर्करा विषाणूला अडवते. ऋणभारित साखळी विषाणूच्या पृष्ठभागाला चिकटते, विषाणू पेशीला चिकटू शकत नाही. यात उल्व्हानचं खास असं काही नाही. आता पुढचं ऐका. एचआयव्ही रोखायला याच तत्त्वावर स्त्रियांसाठी जेल केली होती. सेल्युलोज सल्फेटच्या जेलची चाचणी २००७ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण संसर्ग वाढत असल्याची शंका आली. कॅराजीननच्या जेलची चाचणी दक्षिण आफ्रिकेत ६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झाली. जेल निर्धोक ठरलं, पण २००८ मध्ये निकाल आला की संरक्षण मिळत नाही. बशीत दोन्ही उत्तम चालत होती.

रक्ताचंही तसंच. हेपारिनचं मुख्य काम पाच शर्करांच्या एका नेमक्या तुकड्यामुळे होतं, तो रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला कुलपातल्या किल्लीसारखा बसतो. इड्युरॉनिक आम्ल आहे म्हणून उल्व्हान हेपारिन होत नाही. हिरव्या शैवालांतली कोडियमची सल्फेटयुक्त अरॅबिनान किंवा मोनोस्ट्रोमाचं रॅम्नान सल्फेट रक्त गोठणं लांबवतात, पण त्यांची वाट बरीचशी निराळी, हेपारिन को-फॅक्टर दोन या रक्तातल्या वेगळ्या प्रथिनामधून जाणारी.

आणि शुद्धता! २००७-०८ मध्ये डुकराच्या आतड्यांपासून काढलेल्या हेपारिनमध्ये जादा सल्फेट चढवलेलं काँड्रॉइटिन ही दुसरीच बहुशर्करा मिसळलेली निघाली. नेहमीच्या तपासण्यांत ती सापडली नाही आणि माणसं दगावली. बहुशर्करेत भेसळ किंवा अशुद्धी ओळखणं किती अवघड आहे, हे त्यावरून कळावं. शंकासूर, तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी अगदी योग्य केलं.

शंकासूर
गुटीकाका, हा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवणार आहे. मनापासून आभार.

काठावरची
वाचनखूण साठवली. ओहोटी कुठे गेल्या?

ओहोटी
इथेच आहे, टिपणं काढतेय. खरं सांगायचं तर सकाळपासून कॅराजीननकडे कल झुकला होता. गुटीकाकांचा प्रतिसाद वाचून वाटलं, मग यात उरलं काय?

बांधावरचा
उरलंय, आणि ते शेतात उरलंय. मी वनस्पतिरोगांवर काम करतो.

झाडाला उल्व्हान औषध म्हणून द्यायचंच नसतं. त्याला बुरशी थेट मरत नाही. फवारलं की झाड समजतं शत्रू आला, आणि आपली दारं-खिडक्या लावून घेतं. २०१० मध्ये मेडिकागो या अभ्यासातल्या रोपावर दाखवलं गेलं की उल्व्हानमुळे झाडाच्या बचावाची, जॅस्मोनिक आम्लाची यंत्रणा जागी होते. पुढच्याच वर्षी घेवडा, काकडी आणि द्राक्षावर भुरी (पानांवरचा पांढरा बुरशीरोग) कमी आल्याचं प्रसिद्ध झालं. घेवड्याच्या करप्यावरही कामं झाली आहेत. इथे शरीरात शोषलं जाईल का, रक्तात काय होईल, हे प्रश्नच येत नाहीत. तपकिरी शैवालातलं लॅमिनारिन याच तत्त्वावर युरोपात पीक संरक्षणासाठी मान्यताप्राप्त आहे, म्हणजे वाट कुणीतरी पाडून ठेवलीय.

मी स्वतः काकडीच्या रोपांवर भुरीसाठी करून पाहिलं. रोग यायच्या आधी फवारलं त्या ओळींत फरक डोळ्यांना दिसत होता. रोग दिसल्यावर फवारलं त्या ओळींत काहीच नाही. शिवाय दुसऱ्या खेपेचं उल्व्हान आणलं तेव्हा पहिल्याएवढा फरक आला नाही. तेव्हा मी वैतागलो होतो. आज रेणूभाऊंचा ‘आडनाव’वाला मुद्दा वाचून कळलं की बहुधा तो पदार्थच वेगळा होता.

रेणूभाऊ
बांधावरचा, त्या दोन्ही खेपांची थोडी थोडी भुकटी शिल्लक आहे का? रेणुभार आणि सल्फेट मोजून बघायला हवं. मी हे मनापासून विचारतोय.

बांधावरचा
पहिल्या खेपेची चिमूटभर आहे. दुसरीची भरपूर. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

हरितपर्णा
बघा, धाग्यावर संशोधन सुरू झालं!

सूक्ष्मदर्शी
उशिरा आले, पण एक राहिलेली गोष्ट. ‘उल्व्हानने प्रतिकारशक्ती वाढते’ असे पेशींवरचे निबंध वाचताना एकच पाहा : एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष, तपासलंय का? हरितपर्णांनी लिहिलं तसं उल्व्हावर कायम जिवाणू असतात. त्यांच्या भित्तिकेतली लिपोपॉलिसॅकराइड अर्कात उतरते, आणि प्रतिकारपेशींना खवळायला तिचा अत्यल्प अंशही पुरतो. मग श्रेय उल्व्हानला जातं. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणाल तर तिथेही अर्कातली पॉलिफिनॉल्स काम करून जातात.

दुसरं, जिवाणूंचा उपयोगही आहे. फॉर्मोसा अगॅरिफिला हा सागरी जिवाणू उल्व्हान खाऊन जगतो. तो ते कसं तोडतो हे २०१९ मध्ये ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठ आणि सहकाऱ्यांनी उलगडलं : १२ एन्झाइमांची साखळी, एकाने तोडलेला तुकडा दुसऱ्याच्या हातात. शेवटी सुट्या शर्करा मिळतात, त्या आंबवता येतात. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की ही एन्झाइम्स म्हणजे नेमक्या जागी कापणाऱ्या कात्र्या आहेत. कात्रीने कापून तुकडे ओळखले, तर कुटुंबातला कोण कोण आहे ते कळेल.

ओहोटी
सूक्ष्मदर्शी, हेच! दोन दिवस जे शब्दांत सापडत नव्हतं ते तुम्ही आणि बांधावरचा यांनी मिळून दिलंत.

मॅडमशी बोलले. ‘उल्व्हानचे औषधी उपयोग’ असा विषय घेणार नाही. प्रश्न एवढाच : एकाच टाकीतल्या एकाच उल्व्हाचं उल्व्हान तीन पद्धतींनी काढलं तर रेणुभार आणि सल्फेट किती बदलतं, आणि त्या बदलाने काकडीच्या भुरीवरचा परिणाम बदलतो का? पद्धती : नुसतं गरम पाणी, अमोनियम ऑक्झलेट आणि सौम्य आम्ल. रोपांचं काम वनस्पतिशास्त्र विभागातल्या मैत्रिणीबरोबर करणार. मॅडम म्हणाल्या, छोटा प्रश्न आहे, पण उत्तर येईल असा आहे.

गुटीकाका
शाब्बास पोरी.

बांधावरचा
फवारणी आणि बुरशी सोडणं यांत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. आणि एका ओळीवर नुसतं पाणी फवाराच, नाहीतर ओलाव्याचा परिणाम उल्व्हानच्या खात्यात जमा होईल.

रेणूभाऊ
ओहोटी, विषय उत्तम. हातच्या काही गोष्टी सांगतो. आधी इथेनॉलमध्ये ठेवून हिरवा रंग काढून टाका, मग ८० ते ९० अंशांचं पाणी. आम्ल वापराल तिथे तापमान आणि वेळ यांवर कडक नजर ठेवा, नाहीतर साखळ्या तुटतात, सल्फेटही गळतो, आणि तुम्ही मोजाल ते तुमच्याच घाईचं मोजमाप. इथेनॉल ओतल्यावर कापसासारखे पांढरे तंतू वर येतील. लगेच हरखू नका, आयोडीनचा थेंब टाकून बघा. माझी पहिली खेप चक्क निळी झाली होती, कारण उल्व्हात स्टार्चही असतो आणि तो सोबत येतो. अमायलेज हे स्टार्च तोडणारं एन्झाइम देऊन मग पुन्हा अवक्षेप काढला, तेव्हा खरं उल्व्हान हातात आलं.

ओहोटी
अमायलेज यादीत लिहिलं. टाकीतलं उल्व्हा कुठल्या जातीचं हे तिथल्या कुणालाच खात्रीने माहीत नाही. हरितपर्णा, काय करू?

हरितपर्णा
वाळवायला घालायच्या आधी, पहिल्याच दिवशी, दोन गोष्टी. एक पान कागदावर पसरून दाबून ठेव, तारीख आणि टाकीचा क्रमांक घालून. दुसऱ्या पानाचा नखाएवढा तुकडा टिपून घे आणि छोट्या बाटलीत सिलिका जेलवर ठेव, म्हणजे डीएनए टिकेल. पुढे जात ओळखायला टफ-ए जनुक वाचून घेऊ, उल्व्हासाठी ते चांगलं चालतं. बाटली माझ्याकडे पाठवलीस तरी चालेल, मी करून देईन. दर नव्या खेपेला हेच पुन्हा कर, टाकी तीच असली तरी.